अकरा की बारा

आमच्या घरातल्या बायका फार बोलत नसत, असं कुणी म्हणालं तर मला हसूच येईल. आईची बडबड चूल पेटायच्या आधी सुरू व्हायची आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर अर्ध्या वाक्यात थांबायची. वहिनी नवी होती तरी तीन महिन्यांत तिनं आईला गाठलं होतं. काकी दोघींपेक्षा सावकाश बोलायची, पण बोलायची, आणि तिच्या एका वाक्यावर आई पोट धरून हसायची. फक्त एका माणसाशी काकी आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. ते म्हणजे आबा, माझे वडील. आबा तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं पदर खाली ओढायचा, बसलेली असली तर उठायचं आणि बोलायचं असेल तर मधल्या माणसाकरवी बोलायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरात ते मधलं माणूस मी होते. काकी सोप्याच्या दारामागे उभी राहून म्हणायची, "सुमे, आबास्नी इचार, दुपारी पिठलं करू का आमटी." आबा चार हातांवर पानाला चुना लावत बसलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी ते मान वर करायचे नाहीत. मी चार पावलं चालून तेच पुन्हा म्हणायची, मग ते म्हणायचे, "पिठलं म्हणावं." आणि ते दारामागं ऐकू गेलेलं असूनही मी परत चार पावलं चालायची. शाळेत मास्तरांनी वडिलांचा धंदा विचारला तेव्हा मी शेती सांगितली; माझा विचारला असता तर टपालवाली म्हणून सांगितलं असतं.

काकी ज्यांची बायको ते माझे बापूकाका पलटणीत होते. रजेवर आले की त्यांच्या ट्रंकेतून बुटाच्या पॉलिशचा वास यायचा आणि आम्हां सगळ्या पोरांना रांगेत उभं करून ते "सावधान" म्हणायचे. सरहद्दीवरची लढाई झाली त्या थंडीत पलटणीचं पत्र आलं. त्यात ते बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेले असं लिहिलं नव्हतं. आमच्या घरानं या एका शब्दाचा खांब केला आणि सगळं छप्पर त्यावर टेकवलं. काकीच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं, मनगटात हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. संक्रांतीला ती वाण लुटायला जायची. दसऱ्या-दिवाळीला पंगतीत आबांच्या शेजारी बापूकाकांचं ताट वाढलं जायचं आणि सगळ्यांची जेवणं झाली की आई ते मुकाट्यानं उचलायची. गावात कुणी काही बोललंच तर आबा म्हणायचे, "पाकिस्तानच्या तुरुंगात असंल. यील." दर गुरुवारी पोस्टमन गावात यायचा. त्या दिवशी संध्याकाळी काकीचा निरोप ठरलेला, "सुमे, आबास्नी इचार, टपाल आलं का." आबांचं उत्तरही ठरलेलं. "सांग, अजून न्हाई. पर यील." मी ते पोचवलं की काकी म्हणायची, "सांग, व्हय, यील." पाच वर्षं मी हे ने-आण करत होते. मला ते देवापुढच्या दिव्यासारखं वाटायचं, रोजचं आणि खरं.

आता गाड्यांकडे येते. आमच्या दारात दोन गाड्या होत्या. उसाच्या चांगल्या दिवसांत आबांनी घेतलेली काळी अँबॅसिडर आणि बापूकाकांनी एका रजेत लष्कराच्या लिलावातून आणलेली जीप. अँबॅसिडर मारुती ड्रायव्हर चालवायचा, जीप माझा थोरला भाऊ दादा. कुठंही जायचं झालं की पुरुष अँबॅसिडरमध्ये आणि बायका जीपमध्ये, कारण आबांच्या गाडीत काकीला बसता यायचं नाही. काकी नाही म्हणून आई नाही, आई नाही म्हणून वहिनी नाही. जीपच्या दोन्ही बाजूंना आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. त्यात बसलं की पेट्रोलचा वास, मधे कळशी, मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि कुणाचं तरी पोर ओकतंय, असा सगळा थाट. दोन्ही गाड्या कधी एका वेळी पोचल्या नाहीत. साताऱ्याला माझ्या मामेभावाचं लग्न होतं तेव्हा तर मुहूर्त टळायची वेळ आली. मंगळसूत्र मामानं आदल्या दिवशी सोनाराकडून घेऊन आईजवळ दिलं होतं, आणि आई जीपमध्ये, आणि जीप कराडच्या अलीकडं रेडिएटर उकळवून उभी. तिकडं मांडवात नवरा पाटावर बसून आंतरपाटाकडं बघतोय, आबा घड्याळाकडं बघतायत आणि मामा आबांकडं बघतोय. आम्ही पोचलो तेव्हा भटजींनी मंगलाष्टकं इतकी लांबवली होती की त्यांचा आवाज बसला होता. मामा आबांना एवढंच म्हणाला, "दाजी, एक गाडी घ्या. पर सगळी एका वेळी या." चारचौघांत ऐकावं लागलेलं हे वाक्य आबांच्या जिव्हारी लागलं.

त्या वर्षी नव्या मॅटॅडोर गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. आबा सांगलीला गुळाच्या सौद्याला गेले की रस्त्यात उभे राहून त्या बघत. एक दिवस ते घरी आले आणि चहाची बशी तोंडाला लावण्याआधी म्हणाले, "दोन्ही गाड्या काढायच्या. एकच मोठी घ्यायची. समदं घर एका गाडीत." आई बोलायची थांबली, यावरून काय ते समजा. गाडीच्या मागच्या मोकळ्या भागात शिटा बसवून देणारा एक मिस्त्री माधवनगरला होता. त्याच्याशी आबा बोलूनही आले होते. अडचण एकच होती. जीप बापूकाकांची. ती विकायची म्हणजे ज्याची वाट बघतोय त्याची वस्तू त्याच्या माघारी विकायची. आबांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला हाक मारली. "काकीला सांग, जीप इकावी म्हणतोय. तिचं मन न्हाई म्हणालं तर ऱ्हाऊ दे." मी सांगितलं. काकी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "इका म्हणावं." इतक्या पटकन होकार येईल असं आबांना वाटलं नव्हतं. ते बराच वेळ जीपकडे बघत राहिले आणि मग स्वतःशीच म्हणाले, "ठीक हाय. नव्या गाडीत त्याची जागा धरू."

मिस्त्रीनं मापं कागदावर लिहून दिली होती आणि विचारलं होतं, अकरा शिटा करू की बारा? बारा केल्या तर प्रत्येक ओळीत तीन अशा चार ओळी पक्क्या बसतात. अकरा केल्या तर एका शिटेच्या जागी स्टेपनी आणि सामान जातं. एकदा पासिंग झालं की सरकारी कागदावर तो आकडा चढणार, मग बदलायचं म्हणजे खेटे. आबांना कागदावरची मापं कधी डोळ्यांपुढं उभी राहायची नाहीत. विहीर खणायची असो की गोठा बांधायचा असो, ते आधी जमिनीवर आखून बघत. म्हणून रविवारी सकाळी त्यांनी मारुतीकडून खळ्यात फक्की मारून घेतली, कबड्डीच्या पटांगणाला मारतात तशी. लांबी, रुंदी, दार, स्टेअरिंगच्या जागी एक उपडी पाटी. आत घरातले पाट ओळीनं मांडले. पाट कमी पडले तेव्हा पोत्यांच्या घड्या ठेवल्या. आणि आम्हां सगळ्यांना बसायला सांगितलं.

आज लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी आम्ही लग्नाला निघाल्यासारखे नटून त्या पांढऱ्या रेघांच्या गाडीत बसलो होतो. रेघेवरून कुणी उडी मारून आत आलं तर आबा ओरडत, "दारातनं या की." पुढं पाटीजवळ मारुती. मधल्या ओळींत आबा, दादा, माझे दोन धाकटे भाऊ आणि काकीची लेक. शेवटच्या ओळीत आई, काकी, वहिनी, त्यांच्यापुढे दोरीवर पडदा. मी नेहमीप्रमाणे मधे, पडद्याच्या अलीकडे. बाजूच्या गुऱ्हाळाच्या इंजिनाची धाडधाड चालली होती, त्यामुळं गाडी सुरू आहे असंच वाटत होतं. मारुतीच्या शेजारी, सगळ्यांत चांगल्या जागी, आबांनी एक चंदनी रंगाचा पाट ठेवला होता आणि त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं. काकीचा धाकटा बाळू सात वर्षांचा. त्याला पुढची जागा हवी होती. तो पळत जाऊन त्या पाटावर बसला.

"ऊठ बाळ," आबा म्हणाले. "ती तुझ्या बाची जागा हाय."

बाळू उठला. उठता उठता त्यानं अगदी सरळ विचारलं, "ते कवा येनार? गाडी आल्यावर का आदी?"

दादानं मान खाली घातली. गुऱ्हाळाचं इंजिन तेवढं चाललं होतं. मग पडद्याच्या कडेतून काकीचा हात आला आणि तिनं माझी बाही ओढली. मी मागं वाकले. ती माझ्या कानाशी म्हणाली, "सुमे, आबास्नी सांग, त्यो पाट उचला. अकराच शिटा घ्या."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग उमगलं. काकी, जी दर गुरुवारी "व्हय, यील" म्हणते, ती काका येणार नाहीत म्हणत होती. सोळा वर्षांची पोर मी. मला एवढंच समजत होतं, की हा निरोप पोचला की आज संध्याकाळपासून काकीच्या कपाळावर काही राहणार नाही आणि हातात काही राहणार नाही. आणि ते माझ्या तोंडून होईल. मी उठले. पाच-सहा पावलंच होती. आबा त्या पाटाकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा इतका आशेचा होता, की मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "काकी म्हणती, बरोबर हाय. बारा घ्या."

आबांनी डोळे मिटून मान हलवली. मग मोठ्यानं म्हणाले, "बारा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खोटा निरोप दिला होता. मागं वळून पडद्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही. त्या दिवसानंतर काकी माझ्याशी नेहमीसारखीच वागली, फक्त गुरुवारी तिनं टपालाचं विचारलं नाही. आबांनी दोनदा दाराकडं पाहिलं आणि पान लावत बसले.

पुढच्या आठवड्यात आबा मिस्त्रीकडं पक्कं करायला निघाले. शिटांना लावायचं रेक्झिन बघायला बायकांपैकी कुणी यावं, असं ते म्हणाले तेव्हा आई तयारच होती. पण काकी आतून मला म्हणाली, "सांग, म्या येती." काकी आपणहून कुठं जायचं म्हणाली, हेच नवल. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या अँबॅसिडरमध्ये ती बसली, पण पुढं आबा असल्यामुळं सांगलीपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. मी मधे. मारुती वाटेत भडंगाची पुडी घ्यायला थांबला. ती माझ्या मांडीवर तशीच राहिली.

मिस्त्रीची शेड पत्र्याची होती. आत नव्या लाकडाचा आणि डिंकाचा वास. कुठली तरी एक बस नुसत्या हाडांवर उभी होती. मिस्त्री बोलका माणूस. त्यानं आबांना खुर्ची दिली, पेन्सिल कानावरून काढली. "बोला पाटील, किती धरू?"

"बारा," आबा म्हणाले.

"माणसं मोजलीत न्हवं? ड्रायव्हर धरून?"

"मोजल्यात."

"म्या निरोप धाडला हुता."

हा आवाज कुणाचा, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. आबा तर दाराकडं बघायला लागले. काकी माझ्यापासून दोन पावलं पुढं येऊन उभी होती. पदर तसाच होता, पण तोंड आबांकडं होतं.

"अकरा घ्या म्हणून म्या निरोप धाडला हुता," काकी म्हणाली. "तुमी ऐकला न्हाई."

"कुठला निरोप?" आबा तिला म्हणाले, आणि आपण तिच्याशी बोललो हे लक्षात येऊन गप्प झाले. मग दोघंही माझ्याकडं वळले. आजवर मला खूप जणांनी रागानं पाहिलंय, नवऱ्यानं, सासूनं, हेडमास्तरीण झाल्यावर वरच्या साहेबांनी. त्या दोघांच्या नजरेत राग नव्हता. तरी शेडमधली जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं वाटलं.

काकी पुन्हा आबांकडं वळली. आता सुरुवात झाली होती, आणि तिला थांबायचं नव्हतं. "घरात ताट वाढतो, जेवणं झाली की उचलतो. ती शीट कोन उचलनार? ती नटबोल्टानं बसवत्यात. दर वेळी माज्या पोरांनी तिच्याकडं बघत बसायचं. मोकळी हाय म्हणून त्यावर पिशव्या ठिवायच्या. नको."

"आवं पर त्यो यील..." आबा म्हणाले.

"न्हाई यायचं. कवठ्याचा दगडू मला सांगून गेलाय."

दगडू कवठे महांकाळकडचा, बापूकाकांच्या पलटणीतला. आबांच्या हातातली काठी खाली पडली. मिस्त्री ती उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"दगडू?" आबा म्हणाले. "तुमास्नी कवा भेटला?"

"तीन वर्सांमागं, तुमी गूळ घिऊन गेलता तवा. घरी आला हुता. ताक पिऊन गेला. त्याच्या डोळ्यांम्होरं झालं, म्हणाला. आबास्नी सांगू नगंस, म्हणून म्या त्याला शपथ घातली. तुमी मोडून पडशीला, असं वाटलं."

आबा खुर्चीवरून उठायला गेले आणि परत बसले. "त्यो मला त्याच दिशी सौद्यात भेटला," ते म्हणाले. "तुमास्नी सांगू नगंस, म्हणून म्यापन त्याला शपथ घातली."

मला आठवतंय, शेडमागं कुणी तरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. आणि माझ्या डोक्यात एकामागून एक गुरुवार येत होते. तीन वर्षं. तीन वर्षं त्या दोघांनाही माहीत होतं, आणि दर गुरुवारी एकानं विचारलं होतं आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, आणि दोन्हीकडचं खोटं माझ्या तोंडून गेलं होतं. मला वाटत होतं मी आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा खोटा निरोप दिला. त्यांच्या लेखी त्या तीन वर्षांत गुरुवारचा खरा निरोप मी कधी नेलाच नव्हता. याचा धक्का मला बापूकाका गेल्याच्या धक्क्यापेक्षा मोठा बसला, हे आज साठी उलटल्यावर लिहायला लाज वाटत नाही. त्या वयात ते कबूल करायलाही जमलं नसतं. दगडूचाही राग आला. साधा भोळा शिपाई, त्यानं दोन्ही शपथा पाळल्या होत्या. त्यातली एक जरी मोडली असती तर दोन माणसांचा जीव हलका झाला असता.

आबा रडायला लागले. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तोंडावर उपरणं दाबून, खांदे हलवत ते रडत होते. मिस्त्री बाहेर निघून गेला. काकी तिथंच उभी होती. रीतीप्रमाणं तिला जवळ जाता येत नव्हतं, आणि आता बोलून बोलून तिचा आवाज संपला होता. ती मला म्हणाली, "सुमे, आबास्नी पाणी दे." मी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून नेला. आबा पाणी प्याले, उरलेलं त्यांनी तोंडावर मारलं.

मिस्त्री थोड्या वेळानं आत आला. शहाणा माणूस. कागदावर अकरा लिहून त्यानं तो आबांपुढं धरला आणि आबांनी सही केली. मग, आता काय करावं हे न सुचून असेल, त्यानं रेक्झिनचे तुकडे बाकावर मांडले. लाल, तपकिरी, निळं, हिरवं.

आबांनी ते तुकडे पाहिले. मग माझ्याकडं न बघता, सरळ काकीकडं बघून त्यांनी विचारलं, "ह्यातलं कुठलं घ्यायचं?"

काकी पुढं आली. तिनं एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं. हिरव्यापाशी बोट थांबलं, तेव्हा तिच्या मनगटातल्या बांगड्या त्या कापडावर टेकल्या होत्या. ती बांगड्यांकडं बघत राहिली. संध्याकाळी घरी गेल्यावर काय करायचं ते तिनं ठरवलेलंच असणार. तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली झाकला.

"हिरवं सोडून कुठलंबी," ती म्हणाली.

आबांनी तिच्या पदराखाली गेलेल्या हाताकडं पाहिलं, तो हिरवा तुकडा उचलला आणि मिस्त्रीच्या हातात दिला.

"हिरवंच बसवा," ते म्हणाले. "अकराच्या अकरा."